लंडन ते टोकियो ९,६०० किमी, मग १४ तास कसे?

नकाशावेडा: हीथ्रो ते हानेदा हे अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढलं, साधारण ९,६०० किमी आलं. ताशी ९०० ने भागलं तर पावणेअकरा तास होतात. थेट विमानांना मात्र १४ तासांच्या आसपास लागतात. अंतरच चुकलंय का?

उत्तरवारा: अंतर बरोबर आहे, विमान त्या वाटेने जात नाही एवढंच. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरलात तर तो ७१ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि निम्म्याहून जास्त रशियावरून जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने ब्रिटिश विमानांना हवाई हद्द बंद केली. जपानी कंपन्याही तिथून जाणं टाळतात. त्यामुळे लंडनहून निघालेलं विमान कॉकेशस, मध्य आशिया, चीन असा दक्षिणेचा वळसा घेतं. गंमत परतीची आहे. टोकियोहून येताना बरेचदा पॅसिफिक, अलास्का, ग्रीनलंड अशी वाट धरतात, म्हणजे युरोपला जायला विमान पूर्वेकडे निघतं! ही वाट लांबची, पण जपानवरचा जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वारा) पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आणि हिवाळ्यात ताशी २०० किमीच्या वर सहज जातो. त्याच्या तोंडावर उडण्यापेक्षा तो पाठीशी घेतलेला परवडतो.

गेट_ते_गेट: भागाकारही सुधारा. ताशी ९०० हा वेग पूर्ण उंची गाठल्यावरचा, तोही हवेच्या तुलनेत. जमिनीच्या तुलनेतला वेग काढताना वारा मिळवायचा किंवा वजा करायचा: समोरून ८० चा वारा असेल तर हिशोब ८२० ने करा. वर अर्धा-पाऊण तास धरा, कारण वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. टॅक्सी (विमानाचं गेट ते धावपट्टी सरकणं), चढण, उतरताना घिरट्या, सगळं त्यात आलं.

नकाशावेडा: आणि १३:०० ला सुटून दुसऱ्या दिवशी ११:४० ला पोहोचतं, म्हणजे २२ तास ४० मिनिटं?

गेट_ते_गेट: दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात टोकियो ९ तास पुढे, ते वजा केले की १३ तास ४० मिनिटं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनचं घड्याळ तासभर पुढे असतं, जपानचं बदलत नाही. तेव्हा ८ वजा करा.

मधला_थांबा: दुबईमार्गे जाणार असाल तर टप्पे वेगवेगळे मोजा: सुमारे ५,५०० आणि ८,००० किमी, वर थांब्याची वेळ. ‘डायरेक्ट’ शब्दावर विसंबू नका. फ्लाइट नंबर एकच ठेवून विमान मध्ये उतरलं तरी ते डायरेक्टच. न थांबणारं हवं असेल तर ‘नॉनस्टॉप’ फिल्टर लावा.

उत्तरवारा: पुढे दुसरी शहरं मोजाल तेव्हा स्प्रेडशीटमध्ये अंश आधी रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदला आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्या. हीथ्रोचा रेखांश शून्याच्या इतका जवळ आहे की इथे चिन्ह विसरलं तरी चूक कळत नाही; न्यूयॉर्क घेतलंत की लगेच कळेल.