क्वेसार बघणं बंद करा म्हणणाऱ्यांना

उत्तरध्रुवा
काल 'सरळमार्गी' यांनी लिहिलं: "जीपीएसची हजारो स्टेशनं जमिनीची हालचाल मिलिमीटरमध्ये सांगतायत. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारकडे तोंड करून बसलेल्या रेडिओ दुर्बिणी आता बंद करा आणि तो पैसा जीपीएसला द्या." (क्वेसार म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांची प्रखर केंद्रं, इथून ठिपक्यासारखी दिसणारी.) तिथे दोन ओळींत उत्तर देऊन झोपायला गेले. झोप लागली नाही, म्हणून हा वेगळा धागा.

जीपीएस मोजतं काय? उपग्रहापासून अँटेनापर्यंतचं अंतर. आता सगळ्या उपग्रहांच्या कक्षा आणि खालची पृथ्वी, दोन्ही एकाच कोनातून एकत्र फिरवा. एकाही अंतरात फरक पडणार नाही. म्हणजे पृथ्वी या क्षणी आकाशाच्या सापेक्ष नेमकी किती फिरलीय, हे जीपीएसला स्वतःहून कळूच शकत नाही. दिवस कालच्यापेक्षा किती लांबला एवढं ते सांगेल. पण सूर्यप्रकाशाच्या दाबाने कक्षाही सरकतात, आणि ते सरकणं पृथ्वीच्या फिरण्यात मिसळून जातं. रोजची बारीक चूक साठत जाते. बाहेर कुठेतरी जागची न हलणारी खूण लागते, आणि इतक्या लांबच्या क्वेसारखेरीज तशी खूण आपल्याकडे नाही. यूटी1 म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याची वेळ, तो आकडा येतो व्हीएलबीआयमधून, म्हणजे लांबलांबच्या रेडिओ दुर्बिणींनी एकाच वेळी एकच क्वेसार बघून केलेल्या मोजणीतून. जर्मनीतलं वेट्सेल आणि हवाईतलं कोकी पार्क तासाभराची सत्रं करतात ती त्यासाठीच. विषुववृत्तावर जमीन सेकंदाला 465 मीटर धावते. यूटी1 एक मिलिसेकंद चुकला तर तिथे 46 सेंटिमीटरची चूक.

मी काही वर्षं अशा सत्रांच्या डेटाची जुळणी केली आहे. दोन दुर्बिणींनी हजारो किलोमीटर अंतरावर एकाच क्वेसारची खरखर टिपलेली असते, प्रत्येकीचं स्वतःचं हायड्रोजन मेझर, म्हणजे अतिशय अचूक अणुघड्याळ. एक नोंद दुसरीवर सरकवत न्यायची. पडद्यावर नुसतं गवत दिसतं, आणि मग एका जागी सुळका उभा राहतो. तो कुठे उभा राहिला यावरून लहर दोन ठिकाणी किती फरकाने पोचली ते दहा-वीस पिकोसेकंदांपर्यंत कळतं (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). दहा पिकोसेकंदांत प्रकाश 3 मिलिमीटर जातो. एका स्टेशनचा सुळका दर काही निरीक्षणांनी उडी मारायचा. तीन आठवडे घड्याळावर संशय घेतला. शेवटी कळलं की तबकडी एका विशिष्ट दिशेपलीकडे वळली की मेझरकडून येणाऱ्या केबलचा एक ढिला कनेक्टर ताणला जात होता. इतक्या निगुतीने चालणारं काम "बंद करा" म्हणून दोन शब्दांत उडवून लावलं की लागतं.

सरळमार्गी
लागलं असेल तर दिलगीर आहे, पण मुद्दा सोडत नाही. मी भूकवचाबद्दल बोललो होतो, तुम्ही परिवलनावर गेलात. अमेरिकेतलं वेस्टफर्ड आणि स्वीडनमधलं ऑन्साला यांच्यातलं अंतर वर्षाला साधारण 17 मिलिमीटर वाढतंय हे 1980 च्या दशकात व्हीएलबीआयने दाखवलं. खंड सरकताना प्रत्यक्ष मोजले गेले, त्याचं श्रेय पूर्ण मान्य. पण पुढे? 2011 मध्ये जपानला भूकंप झाला तेव्हा तिथल्या बाराशेच्या वर जीपीएस स्टेशनांनी सगळा देश कसा ओढला गेला त्याचा नकाशाच दिला. व्हीएलबीआयने काय सांगितलं? त्सुकुबाची दुर्बीण अर्ध्या मीटरहून जास्त सरकली. बाराशे बिंदू एकीकडे, मोजके बिंदू दुसरीकडे. भूकंपाच्या अभ्यासाला कोणतं लागतं?

उत्तरध्रुवा
ती बाराशे स्टेशनं कशाच्या सापेक्ष हलली? जागतिक संदर्भ चौकटीच्या, म्हणजे जगभरच्या जागा ज्या एका जाळ्यात मांडतात त्याच्या. त्या चौकटीचं माप, म्हणजे एक मीटर म्हणजे किती हे, व्हीएलबीआय आणि उपग्रहांवर लेझर मारून केलेली मोजणी यांवरून ठरतं. समुद्रपातळी वर्षाला 3-4 मिलिमीटर वाढतेय. चौकटच मिलिमीटरभर ताणली गेली तर त्यातलं समुद्राचं किती आणि चौकटीचं किती हे कसं सांगणार?

सरळमार्गी
हेही जुनं झालं. गॅलिलिओच्या (जीपीएससारखीच युरोपची यंत्रणा) उपग्रहांवरच्या अँटेनांची मापं आता प्रसिद्ध झालीत, त्यामुळे उपग्रहांवरूनही चौकटीचं स्वतंत्र माप काढता येतं. शिवाय पृथ्वीचं वस्तुमानकेंद्र कुठे आहे हे व्हीएलबीआयला मुळीच कळत नाही. ते लेझरवाले सांगतात.

उत्तरध्रुवा
वस्तुमानकेंद्राचं बरोबर, ते कुणी नाकारलेलंच नाही. आसाच्या डुलण्याचं मात्र तुम्ही सोयीस्कर वगळलंत. न्यूटेशनच्या, म्हणजे याच डुलण्याच्या, बारकाव्यांवरून 1986 मध्ये कळलं की गाभा आणि प्रावरण यांच्यातली सीमा अपेक्षेपेक्षा साधारण अर्धा किलोमीटर जास्त चपटी आहे. तीन हजार किलोमीटर खोलीवरची गोष्ट, आकाशातल्या ठिपक्यांवरून.

रात्रपाळी
वाचता वाचता यूटी1 शब्द आला आणि डोकं तापलं. माफ करा, पण या मोजणीचा त्रास आम्ही भोगलाय. 30 जून 2012 चा लीप सेकंद, म्हणजे घड्याळ पृथ्वीशी जुळावं म्हणून वाढवलेला सेकंद. मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळत होतो. 23:59:60 आलं आणि एकामागून एक मशिनचं सीपीयू शंभर टक्क्यांवर. रीस्टार्ट करून बघितलं, काहींना लागू पडलं. मेमरी तपासली, नेटवर्क तपासलं. पहाटे कुणीतरी लिहिलं की डेट कमांडने घड्याळ आहे त्याच वेळेला परत लावा. लावलं, आणि शांत झालं. दोनशे मशिनवर तेच एक-एक करून. घरी साहेबांचे फोन, बायको जागी, लेकराला ताप. का, तर पृथ्वी सेकंदभर मागे पडली हे कुणीतरी क्वेसारवरून मोजलं म्हणून. 1972 पासून 27 वेळा हा प्रकार झालाय.

तिसरा डोळा
रात्रपाळी, तो लिनक्स कर्नेलमधला, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यातला दोष होता. पृथ्वी काय करणार त्याला?

रात्रपाळी
दोष कर्नेलचाच, माहीत आहे मला, मीच पॅच लावलाय. पण 61 सेकंदांचं मिनिट अशी गोष्ट सहा महिन्यांच्या सूचनेवर जगातल्या प्रत्येक संगणकाला सांगायची, ही पद्धत कुणाची? 1999 पासून 2005 च्या डिसेंबरपर्यंत एकही आला नाही, लोक विसरून गेले, कोड कुणी तपासला नाही. नियमाने येणारी गोष्ट निस्तरता येते. ही येते पृथ्वीच्या लहरीवर.

मोजणीदार
अवांतर चाललंय, पण मीही बोलतो. लहरी असली तरी तिची कारणं माहीत आहेत. वाऱ्यांमुळे ऋतूंनुसार दिवस मिलिसेकंदाच्या आसपास लांबतो-आखडतो. भरती-ओहोटीचं घर्षण शतकानुशतकं तिला मंद करतंय. आणि 2020 नंतर उलटंच, 5 जुलै 2024 चा दिवस 1.66 मिलिसेकंदांनी आखूड होता. असंच चाललं तर एक सेकंद वगळावा लागला असता.

रात्रपाळी
तेच म्हणतोय! वगळलेला सेकंद जगात आजवर कुणी चालवून बघितलेला नाही. सुदैवाने 2022 मध्ये ठरलं की 2035 पर्यंत हा प्रकार थांबवायचा. मग यूटी1 हवाय कुणाला? तुमच्या दुर्बिणींचं निम्मं काम तिथेच संपलं.

उत्तरध्रुवा
हे वाचून मात्र राग आला. तुमच्या रात्रीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण तापमापी फोडल्याने ताप उतरत नाही. लीप सेकंद बंद म्हणजे घड्याळ आणि पृथ्वी यांच्यातला फरक 0.9 सेकंदाच्या आत ठेवायचं बंधन सैल झालं. आजवर ढोबळ कामाला लोक यूटीसी, म्हणजे अणुघड्याळांवरची जागतिक वेळ, हाच यूटी1 धरून चालायचे, उद्या तेही चालणार नाही. फरक जितका वाढेल तितका तो आकडा जास्त लागेल. मंगळ वीस कोटी किलोमीटरवर असताना यूटी1 मध्ये एक मिलिसेकंद चूक म्हणजे यानाच्या जागेत साधारण 15 किलोमीटरची चूक. यान उतरवणाऱ्यांना विचारा हवाय का.

रात्रपाळी
यानवाल्यांना लागतो, बरं, मान्य. त्यांनी तो घ्यावा आणि आपापल्या प्रोग्रॅममध्ये मिळवावा. माझ्या घड्याळात घालू नये. एवढंच म्हणायचंय.

उत्तरध्रुवा
मग भांडण कुठे आहे? मीही तेच म्हणते. लीप सेकंद जाऊ दे, मोजणी राहू दे.

रात्रपाळी
आधी तसं म्हणाला असतात तर एवढं लिहावं लागलं नसतं.

तिसरा डोळा
मूळ विषयाकडे. 'न हलणारी खूण' हे वाक्य मला खटकलं. सध्याच्या आकाशीय चौकटीत, म्हणजे क्वेसारांच्या जागांच्या यादीत, 4536 स्रोत आहेत, त्यातले चौकट ठरवणारे फक्त 303. बाकीचे का नाहीत? क्वेसार म्हणजे काही टाचणीचं टोक नव्हे. जेट निघतात, त्यातले गोळे सरकतात, प्रकाशमध्य सरकतो. 4सी39.25 या क्वेसारचं उदाहरण प्रसिद्ध आहे. शिवाय सूर्यमालाच आकाशगंगेच्या केंद्राभोवती वळतेय, त्यामुळे सगळे स्रोत वर्षाला जास्तीत जास्त सुमारे सहा मायक्रोआर्कसेकंदांनी (अंशाच्या 3600 व्या भागाचे दशलक्षांश) सरकल्यासारखे दिसतात. नव्या चौकटीत ते धरावं लागलं. तेव्हा 'न हलणारी' म्हणू नका.

उत्तरध्रुवा
ठीक, शब्द मागे घेते. 'आपल्याला माहीत असलेल्यांत सगळ्यात कमी हलणारी.'

सरळमार्गी
आणि वेट्सेलला जमिनीखाली चार मीटर बाजूचा रिंग लेझर आहे. तो आकाशाकडे न बघता पृथ्वीचं फिरणं मोजतो. त्याबद्दल चकार शब्द नाही?

तिसरा डोळा
तो फिरण्याचा वेग मोजतो, कोन मोजत नाही. दिवसाच्या लांबीचे चढउतार त्याने टिपले आहेत आणि ते काम जबरदस्त आहे. पण वेग बेरजेत मांडून कोन काढायचा म्हटलं की वर सांगितलेली साठत जाणारी चूक आलीच.

मोजणीदार
तुम्ही सगळे आकाशात आहात, मी जमिनीवरचं सांगतो. अशा एका ठिकाणी दुर्बीण आणि शेजारचा जीपीएस अँटेना यांच्यातलं अंतर मोजायचं काम मी केलंय. हे जुळलं नाही तर दोघांचे आकडे एकत्र आणताच येत नाहीत. दुर्बिणीचा संदर्भबिंदू पोलादाच्या पोटात, जिथे दोन आस भेटतात. हात लागत नाही, दिसत नाही. तबकडीच्या काठावर प्रिझम लावायचं, दुर्बीण थोडी थोडी फिरवायची, प्रत्येक जागी प्रिझम टिपायचं आणि त्या वर्तुळाचं केंद्र काढायचं. तीन दिवस केलं. दुपारचे आकडे सकाळशी जुळेनात. मग लक्षात आलं की ज्या काँक्रीटच्या खांबावर यंत्र ठेवलं होतं त्याची एक बाजू उन्हात आहे, ती फुगतेय आणि खांब झुकतोय. खांबाला गुंडाळून घेतलं तेव्हा आकडे स्थिरावले. तरी आधीच्या मोजणीपेक्षा 6 मिलिमीटर फरक राहिलाच. तोही मी खांबाच्या माथी मारला. तुमचे पिकोसेकंद असू देत, इथे 6 मिलिमीटर हातातून निसटतात.

सरळमार्गी
हेच. मोजकी स्टेशनं, त्यात दक्षिण गोलार्धात आणखी कमी, आणि त्यांना जोडणारी मोजणीही अशी. 2010 च्या भूकंपात चिलीतल्या कॉन्सेप्सिऑनची दुर्बीण तीन मीटर सरकली, तेव्हा चौकटीतला एक खुंटाच उपटला गेला. यूटी1 आणि आसाचं डुलणं यासाठी दुर्बिणी लागतात हे मी मान्य करतो. काल 'बंद करा' लिहिलं ते घाईचं होतं. कवचासाठी मात्र पैसा जीपीएसलाच जावा, हे मत कायम.

उत्तरध्रुवा
अर्धं का होईना, आलात. आता 12-13 मीटरच्या, झपाट्याने वळणाऱ्या नव्या दुर्बिणी उभ्या राहतायत, उद्दिष्ट 1 मिलिमीटरचं आहे. दक्षिणेत त्या आणखी हव्यात, यावर तुमच्याशी सहमत.

मोजणीदार, तुमचे 6 मिलिमीटर आडवे होते की उंचीत?

मोजणीदार
जवळजवळ सगळे उंचीत.

उत्तरध्रुवा
झुकलेला खांब आडवी चूक देईल, उंचीत एवढी नाही. दुर्बिणीचा बुरूज पोलादी होता का? किती उंच? आणि आधीची मोजणी कोणत्या महिन्यातली?

मोजणीदार
पोलादी, संदर्भबिंदूपर्यंत वीसेक मीटर. आधीची मोजणी ऐन थंडीतली, माझी ऐन उन्हाळ्यातली. थांबा, वही काढतो.

मोजणीदार
आधीच्या अहवालात तापमान 3 अंश, माझ्या वहीत 28. पोलाद मीटरमागे अंशाला 12 मायक्रोमीटर वाढतं. वीस मीटर, पंचवीस अंश, म्हणजे बरोबर 6 मिलिमीटर. बुरूजच वाढला होता. इतकी वर्षं त्या खांबाला बोल लावत होतो.

उत्तरध्रुवा
आम्ही विश्लेषणात बुरुजाच्या तापमानाची दुरुस्ती करतो. ती तुमच्या अंतरालाही लावायला हवी होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हा दोष आमच्या बाजूचा. तो अहवाल तापमानासकट पुन्हा पाठवता येईल का?

मोजणीदार
पाठवतो. वहीच स्कॅन करून पाठवतो.