मदत हवी आहे : गोव्याच्या दमट हवेतून जर्मनीच्या कोरड्या हिवाळ्यात गिटार नेताना

सप्रेम नमस्कार. मी मडगावात राहतो आणि शास्त्रीय गिटारवादनाच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले चार महिने फिरतीवर असतो. माझ्या वाद्याची पुढची फळी सीडरची, तर पाठ व बाजू भारतीय शिसवीच्या आहेत. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते, फळी फुगते आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) सहाव्या तारेची उंची ४ मिलिमीटरवरून ५ पर्यंत चढते. उलट गेल्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या हीटर लावलेल्या खोलीत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) २६ टक्के दाखवत होता. तिसऱ्या दिवशी ब्रिजच्या (पुढच्या फळीवर तारा जिथे बांधतात त्या पट्टीच्या) खाली केसाएवढी बारीक चीर दिसली. ती आता सांधून घेतली आहे.

गिटारच्या पेटीत ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवून पाहिले, पण आमच्या पावसापुढे त्याच्या पुड्या दोन दिवसांत निकामी होतात. सध्या डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) लावून खोली ५५ टक्क्यांवर ठेवतो. प्रवासात पेटीत ओलावा देणारी पाकिटे असतात, मात्र मैफलीच्या दिवशी वाद्य सहा-सात तास उघड्यावरच राहते. (शिसवीच्या तयार वाद्यांना साइटीसच्या, म्हणजे दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, परवान्यातून २०१९ पासून सूट असल्याने कागदपत्रांचा प्रश्न नाही.) दुसरे वाद्य घेणे परवडणारे नाही आणि कार्बन फायबरच्या गिटारचा आवाज मला मानवत नाही.

पुढचा दौरा जानेवारीअखेर आहे. निघण्यापूर्वी किती दिवस आधीपासून खोलीची आर्द्रता टप्प्याटप्प्याने उतरवावी, आणि ती ४५ टक्क्यांवरच थांबवावी की आणखी खाली न्यावी?