अनुभव धागा: प्रशांत महासागरातल्या बेटावर गेलेलं बालपण

वडिलांची नोकरी, आईचं काँट्रॅक्ट, बँकेची बदली. कारण काहीही असो, आपल्यातल्या काही जणांचं लहानपण प्रशांत महासागरातल्या एखाद्या ठिपक्यावर गेलंय. भारतात परतल्यावर "कुठे होतात?" असं कुणी विचारलं आणि बेटाचं नाव सांगितलं, की "म्हणजे अंदमानच्या बाजूला का?" एवढ्यावर विषय संपतो. म्हणून हा धागा. निळं पाणी आणि पांढरी वाळू यावर प्रवास कंपन्या भरपूर लिहितात. तुम्ही लिहा, प्यायचं पाणी कुठून यायचं, वर्गात शेजारी कोण बसायचं, दुकानात काय मिळायचं नाही. आणि त्या बेटाचं पुढे काय झालं, तेही. सुरुवात मी करते.

नौरू, सत्तरच्या दशकाची अखेर

बाबा फॉस्फेट (खतासाठी लागणारं खनिज) काढणाऱ्या फॉस्फेट कॉर्पोरेशनच्या हिशेब खात्यात होते. सगळा देश २१ चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या जेमतेम सात-आठ हजार. किनाऱ्याने बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता. सायकल काढायची, समुद्र एका बाजूला धरायचा आणि चालवत राहायचं, घर आपोआप यायचं. धावपट्टी या रस्त्याला इतकी खेटून होती की विमान उतरताना गाड्या थांबवाव्या लागत. आम्ही पोरं मुद्दाम तिथे जाऊन उभी राहायचो. सगळ्यात जवळचं शेजारचं बेट, बानाबा, ३०० किलोमीटरवर. पण एअर नौरूची विमानं मेलबर्न, मनिला, हाँगकाँगला जात. शाळा फुकट, दवाखाना फुकट, आयकर नाही. नौरू तेव्हा दरडोई उत्पन्नात जगातल्या अगदी वरच्या देशांत होता.

आयवो भागातले कँटिलिव्हर, म्हणजे जहाजात फॉस्फेट भरायचे लांब लोखंडी हात, मला अजून डोळे मिटून दिसतात. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे तिथे धक्का नाही. जहाज बोयांना (समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपांना) दोरखंडांनी बांधून उभं करायचे. मग प्रवाळाच्या कडेवरून दोन अजस्र लोखंडी हात त्याच्यावर पोचायचे आणि पट्ट्यावरून आलेलं फॉस्फेट थेट पोटात कोसळायचं. फिकट धूळ उडायची. तारेवरच्या गणवेशावर, खिडकीच्या जाळीवर, दप्तरात, सगळीकडे. आई रोज ओल्या फडक्याने ओटा पुसायची आणि संध्याकाळी परत पुसायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा वारा सुटला की जहाजं बांधता यायची नाहीत. ती लांब समुद्रात तरंगत थांबायची आणि इकडे दुकानातले कांदे-बटाटे संपायचे. बेटावर नदी नाही. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं, आणि फॉस्फेट न्यायला येणारी रिकामी जहाजं येताना गोडं पाणी भरून आणायची, ते वापरायचं.

बेटाच्या मधल्या उंच भागाला टॉपसाइड म्हणत. फॉस्फेट तिथे प्रवाळाच्या सुळक्यांमधल्या खाचांत भरलेलं असायचं. ते काढून घेतलं की नुसते सुळके उरायचे: करडे, धारदार, माणसाच्या कितीतरी पट उंच, पाऊल ठेवायला सपाट जागा नाही. दुपारी तिथली गरम हवा तोंडावर यायची. आम्ही कडेकडेने लपाछपी खेळायचो, आत जायला सक्त मनाई होती. एकदा वर्गातल्या एका नौरू मुलीने बोट दाखवून सांगितलं, माझ्या आजीची पांडानसची, केवड्याच्या जातीची, झाडं तिथे होती. तिथे सुळके होते. माझ्या बाबांचा पगार, माझी सायकल, सुट्टीत मुंबईला यायचं तिकीट, सगळं त्याच खाचांतून निघत होतं. मला नौरूची आठवण येते तेव्हा सायकलवरचा वारा आणि ते बोट एकदमच येतात. दोन्ही वेगळं करता येत नाही, आणि करूही नये असं मला वाटतं.

खाणकाम सुरू झालं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, परक्या कंपनीच्या हाती. नौरू स्वतंत्र झाला ३१ जानेवारी १९६८ ला आणि १९७० मध्ये खाणी त्यांच्या ताब्यात आल्या. तोवर पुष्कळशी जमीन खरवडून झाली होती. १९८९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. ती बातमी वाचली तेव्हा मी नोकरीला लागले होते, आणि ऑफिसात कुणाला सांगावं तर नौरू कुणालाच माहीत नव्हता.

नौरू, तोच काळ

बालपण माझं नाही, माझ्या मुलांचं. तरी लिहिते, कारण स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. मी मूळची मालवणची. नौरूला गेले तेव्हा वाटलं होतं सगळं परकं असेल, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या गिल्बर्टी (गिल्बर्ट बेटांवरच्या, म्हणजे आताच्या किरिबाटीच्या) बाईने नीरफणस आणून दिला! ती तो अख्खा निखाऱ्यावर टाकून भाजायची, साल काळी ठिक्कर होईपर्यंत, आणि आतला गर नुसता खायची. मी माझ्या पद्धतीने काप केले. पातळ चकत्या, मीठ-हळद-तिखट, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तेल सोडून खरपूस. तिच्या मुलांनी तव्याजवळून हलायचं नाव घेतलं नाही. पीठ संपत आलं की मला धडकी भरायची, कारण पुढची बोट कधी ते वाऱ्यावर.

मासे मात्र ताजे, विशेषतः कुपा. त्याचं तिखलं करायचे, त्रिफळांशिवाय. डाळी, मसाले, कोकम जो कुणी रजेवरून परतेल त्याच्या बॅगेतून. नारळ हवे तेवढे. कोथिंबीर डब्यात लावून पाहिली, ती काही धरली नाही. माझा थोरला आता पन्नाशी ओलांडलेला आहे. त्याला कोकणातल्या आमच्या घरी नीरफणसाचे काप वाढले की म्हणतो, "आई, हे नौरूचं." सासूबाई होत्या तोवर त्यांना हे मुळीच पटायचं नाही. मी दोघांचंही ऐकून घ्यायचे.

नौरू, ऐंशीचं दशक

थोडक्यात लिहितो. नॉडी नावाचे समुद्रपक्षी पकडायला मला वर्गमित्राच्या काकांनी नेलं होतं. अंधार पडला की टेपरेकॉर्डरवर त्या पक्ष्यांचाच आवाज लावायचे, थवे खाली यायचे आणि लांब काठीच्या जाळ्यात अडकायचे. आमच्या शाकाहारी घरी यातलं काही सांगितलं नाही. अजून कुठे पक्ष्यांचा गलका ऐकला की त्या टेपची खरखर आधी आठवते.

लंबासा, फिजी, १९८० नंतर

नौरूएवढं एकाकी नव्हतं आमचं बेट, पण राजधानी सुवाच्या मानाने वानुआ लेवू लांबचंच. बँक ऑफ बडोदा फिजीत १९६१ पासून आहे, बाबांची बदली त्या निमित्ताने झाली. लंबासा म्हणजे साखर कारखाना आणि ऊस. गळिताच्या हंगामात उसाच्या छोट्या आगगाड्या गावातून जायच्या आणि आम्ही पळत पळत कांडी ओढायचो. वर्गात बहुतेक सगळी गिरमिटियांची, म्हणजे उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेल्या भारतीय मजुरांची, नातवंडं, घरी रामायण मंडळी, बोलणं फिजी हिंदी. बाहेर नाग मंदिर, तिथली फणा काढल्यासारखी शिळा वाढत जाते अशी सगळ्यांची श्रद्धा. माझ्या आजीने मुंबईहून पत्रात त्या शिळेची चौकशी केली होती.

पण वर नौरूच्या ताईंनी बानाबाचं नाव घेतलं म्हणून लिहायला बसले. माझ्या बाकावर रांबी बेटावरची एक मुलगी होती, इथे नातेवाइकांकडे राहून शिकायची. ती बानाबाची. बानाबावरही तेच फॉस्फेट, १९०० पासून. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तिथल्या लोकांना इतर बेटांवर हलवलं आणि युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांना घरी न सोडता फिजीत रांबीवर आणून उतरवलं, १५ डिसेंबर १९४५ ला, ऐन वादळांच्या दिवसांत, तंबूंत. खाण १९७९ पर्यंत चालू होती. तिने स्वतः बानाबा कधी पाहिलंच नव्हतं, तरी "घरी" म्हणताना ती तेच म्हणायची. १५ डिसेंबरला रांबीवर नाच असतात, त्याची तयारी ती मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात करायची, हात पंखांसारखे ताठ पसरून. मला तो हात अजून जमत नाही.

१४ मे १९८७ ला भारतीय वंशाच्या लोकांचा पाठिंबा असलेलं सरकार पाडून लष्कराने सत्ता घेतली. आम्ही पुढे बदली झाली म्हणून परतलो. माझे वर्गमित्र मात्र ऑकलंड, सिडनी, व्हँकुव्हरला पांगले, आणि ते घर सोडून गेले होते. या दोन निघण्यांत केवढा फरक होता हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

तारावा, किरिबाटी, १९८५ च्या सुमारास

आई डॉक्टर, बाबा घर सांभाळायचे आणि मला गणित शिकवायचे. जमिनीची अरुंद पट्टी: एका बाजूला शांत लगून (प्रवाळाने अडवलेलं उथळ पाणी), दुसऱ्या बाजूला गर्जणारा महासागर, आणि अंथरुणात पडलं की दोन्ही ऐकू यायचे. पट्टीच्या टोकाच्या बेटिओ या छोट्या बेटावर जायचं तर फेरी बोट. बांधावरचा रस्ता १९८७ मध्ये झाला. तिथे किनाऱ्यावर जपानी तोफा गंजत पडलेल्या. नोव्हेंबर १९४३ च्या लढाईच्या. आम्ही त्यांच्या नळीवर बसून डबा खायचो.

सकाळ-संध्याकाळ माडावर ताडी काढायला चढलेले लोक वरून गायचे. गाणं ऐकून बाबा सांगायचे, आज कुठल्या माडावर कोण आहे. ताजी ताडी गोड, मुलांनाही मिळायची. आटवून तिचा दाट काकवीसारखा पाक करायचे, तो मी भाकरीशी खाल्ला आहे.

पाणी विहिरीचं. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो, त्यावर सगळं गाव जगतं. बाबाईचा (अळूच्या जातीचा) कंद लावायला लोक त्या थरापर्यंत खड्डे खणतात, पालापाचोळा कुजवून खत घालतात, वर्षानुवर्षं एक रोप जोपासतात. माझ्या मैत्रिणीच्या आजोबांचा असा खड्डा होता, ते आम्हाला त्याच्या काठावरूनसुद्धा पळू द्यायचे नाहीत. मोठ्या भरतीला समुद्र आत आला की तो खड्डा खारा होतो आणि कंद सडतो. मैत्रीण आजही तिथेच आहे, शिक्षिका. गेल्या वेळी बोललो तेव्हा म्हणाली, आजोबांचा खड्डा बुजवला, आता कंदाऐवजी तांदळाची गोणी येते. मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

२०१४ मध्ये किरिबाटी सरकारने वानुआ लेवूवर जमीन विकत घेतली, वीसेक चौरस किलोमीटर. लंबासाच्या ताई, ती जमीन नेमकी कुठे आहे, तुम्ही पाहिली आहे का?

लंबासा, पुन्हा

हो, नातोआवातू. लंबासाहून डोंगर ओलांडून सावुसावूकडे उतरलं की त्या बाजूला. चढाची, झाडीची जमीन आहे, तारावाच्या माणसाला अगदीच अनोळखी. शिवाय ती रिकामी नाही: मळ्यांवर राबायला आणलेल्या सॉलोमन बेटांवरच्या मजुरांचे वंशज तिथे पिढ्यान्पिढ्या राहतात. सावुसावूला माझा एक वर्गमित्र अजून आहे, जाणं-येणं असतं त्याचं त्या गावात. तुमच्या मैत्रिणीला त्याच्याशी बोलायचं असेल तर मला कळवा, मी आधी त्याला विचारून ठेवते.