इ.स. ७८ मध्ये पैठणला नक्की काय घडलं? (शालिवाहन शक, एक चर्चा)

गोदाकाठ (धागाकर्ता)

पाडव्याला घरच्या ग्रुपवर एक पोस्ट आली आणि मावसभावापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी ती पुढे ढकलली. सांगणं असं, की इ.स. ७८ मध्ये पैठणच्या शालिवाहनाने शकांचा निःपात केला, त्याच विजयापासूनची कालगणना, म्हणजे शालिवाहन शक, आपण मोजतो, आणि तेव्हा बाकीच्या जगाला वर्ष मोजायचं माहीतही नव्हतं. शांत बसवेना म्हणून लिहितोय.

आधी बाकीचं जग. ७८ साली रोममध्ये व्हेस्पेशियन सम्राट होता आणि ज्युलियन कॅलेंडर लागू होऊन सव्वाशे वर्षं होत आली होती. इराणातले पार्थियन लोक नाण्यांवर सेल्युकिड संवत घालत. तो तेव्हा ३८९ वर पोचला होता. चीनमध्ये हान घराण्याचा सम्राट झांग गादीवर होता आणि त्याचा सेनानी बान चाओ मध्य आशियात लढत होता. रोमन लेखक प्लिनीचा ग्रंथ आदल्याच वर्षी पुरा झालेला. भारत दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार त्यात आहे. आपल्या बंदरांतून हा व्यापार चालला होता आणि आपण लिहितो की जगाला काही येत नव्हतं!

आता पैठण. नाशिकच्या पांडवलेण्यात पैठणच्या सातवाहन घराण्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेला आदेश. पूर्वी उषवदाताकडे असलेलं शेत आता लेण्यातल्या भिक्षूंना दिलं, असं त्यात म्हटलंय. उषवदात हा क्षहरात या शक घराण्यातल्या नहपान राजाचा जावई, म्हणजे हा आदेश क्षहरातांना हरवल्यानंतरचा. त्यावर वर्ष कोणतं? १८. गौतमीपुत्राच्या राज्याचं अठरावं. विजयापासून नवी गणना सुरू केली असती तर तिथे १ दिसला असता. सातवाहनांनी शक वापरलाच नाही.

पैठणची लेक

दादा, तुम्ही लेणी वाचलीत, पण नाशिकचाच दुसरा लेख सोडून दिलात. गौतमी बलश्रीचा. आई आपल्या मुलाबद्दल लिहिते: शक, यवन, पहलवांचा नाश करणारा, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. हे कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर रचलेलं नाही. जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर नाणी सापडली, बहुतेकांवर नहपानाच्या ठशावर गौतमीपुत्राचा ठसा मारलेला. हरलेल्या राजाच्या तोंडावर आपला शिक्का! आणि नहपानाचा शेवट ७८ च्या आसपास ठेवणारे नाणेतज्ज्ञही आहेत, ते तुम्ही सांगितलं नाहीत. माझी आजी घाटावर दिवा सोडताना शालिवाहनाचं नाव घ्यायची. मातीचं सैन्य जिवंत करणाऱ्या कुंभाराच्या पोराची गोष्ट आम्ही तिच्याकडून ऐकली. तुम्हाला ती दोन ओळींत पुसायची आहे.

परीक्षार्थी

तुम्ही दोघंही उगाच भांडताय. शक कनिष्काने सुरू केला. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात हेच आहे, मी हेच लिहून गुण मिळवलेत.

गोदाकाठ

गुण मिळाले याचा आनंद आहे, पण ते उत्तर जुनं झालं. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात रबातकचा लेख मिळाला. कुषाण राजांत आधी कुजुल, मग विम तक्तु, मग विम कडफिसेस आणि चौथ्या जागी कनिष्क, असा क्रम त्यात आहे. २००१ मध्ये हॅरी फाल्क यांनी यवनजातक या ज्योतिषग्रंथातल्या सूत्रावरून कनिष्काचं पहिलं वर्ष इ.स. १२७ काढलं. आज बहुतेक अभ्यासक ते धरतात. ७८ साठी पश्चिम भारतातल्या शक क्षत्रप चष्टनाचं नाव जास्त बसतं. कच्छमधल्या अंधौचा लेख ५२ व्या वर्षाचा, म्हणजे इ.स. १३०. नातू रुद्रदामनचा जुनागढचा ७२ चा, म्हणजे १५०. पुढे या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या नाण्यांवर हीच वर्षं घातली. सातवाहनांच्या शत्रूंची गणना आहे ही.

ताई, नहपानाच्या काळावर वाद आहे, मान्य. तुमच्या मनासारखा ७८ धरा. तरीही नाशिकला १८ का? बलश्रीचा लेखसुद्धा तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षाचा आहे, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. त्यांचं पंचांगच वेगळं होतं: ग्रीष्म, वर्षा, हेमंत असे तीन ऋतू आणि त्यांचे पंधरवडे. पाडवा कुठे बसवणार त्यात?

जावामुक्कामी

इथे बालीत न्येपीला, म्हणजे इथल्या नववर्षाला, सगळं बंद असतं, विमानतळसुद्धा. २०२४ ला ११ मार्चला इथे शक १९४६ सुरू झाला, आपला पाडवा ९ एप्रिलला, आकडा तोच १९४६. सुमात्रात केदुकान बुकितचा लेख शक ६०५ चा आहे. इकडे शालिवाहनाचं नाव कुणी घेत नाही, नुसतं शक म्हणतात. पण महिन्याचा फरक कसा पडतो ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

आंबाघाट

महिन्याच्या फरकाला बालीला कशाला जाताय, रत्नागिरीला या. आम्ही टिळक पंचांगवाले. २०२३ ला आमचे गणपती २० ऑगस्टला बसले, उरलेल्या महाराष्ट्राचे १९ सप्टेंबरला. मूर्तिकाराकडे गेलो तर मूर्तीला रंगही लागला नव्हता. भावाने मुंबईच्या ऑफिसात रजा मागितली तर साहेब म्हणाले, गणपती पुढच्या महिन्यात आहेत, खोटं कशाला सांगता. इ.स. ७८ चं नंतर बघा, आधी हे मिटवा.

सिद्धेश्वर पेठ

मिटलेलंच आहे. १९५५ च्या अहवालात मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा पक्ष, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून राशिचक्राचा आरंभ, धरला, १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्यावर चालतं. दाते पंचांगही तेच धरतं. तुम्ही आरंभ धरता तो रेवतीचा योगतारा (मुख्य तारा) इतका अंधुक की शहरातून दिसतसुद्धा नाही. चित्रा ठळक तारा आहे, कुणीही बोट दाखवून सांगेल. हट्ट सोडा.

आंबाघाट

तारा ठळक आहे म्हणून आरंभ तिथून? मेष राशी रेवतीच्या अखेरीला सुरू होते, मग मोजणी रेवतीपासूनच हवी. लोकमान्यांनी पुरस्कार केला या शुद्ध पंचांगाचा.  आणि हट्ट म्हणायचं आम्हाला?

सिद्धेश्वर पेठ

लोकमान्य मलाही आदरणीय आहेत, पण त्यांचं नाव पुढे केल्याने दोन आरंभबिंदूंतले चार अंश भरून निघत नाहीत. आपल्याकडे महिन्याचा फरक कसा पडतो ते सांगतो. आरंभबिंदू चार अंश हलवला की प्रत्येक संक्रांत चारएक दिवस सरकते. अमावास्या नेमकी त्या चार दिवसांत आली की अधिक महिना दुसऱ्याच जागी पडतो. तुमचे गणपती यामुळेच आधी आले. जोवर तुम्ही वेगळे चालाल तोवर तुमचे साहेब रजा देणार नाहीत.

आंबाघाट

रजेवरून बोलू नका. भाऊ बिनपगारी राहिला त्या वर्षी.

पैठणची लेक

अहो, इथे शालिवाहनाचं चाललंय आणि तुम्ही गणपती बसवताय. वेगळा धागा काढा.

गोदाकाठ

ताई, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. पण पंचांगाचा विषय अगदीच गैर नाही. ही गणना टिकली ती ज्योतिषांमुळे. वराहमिहिराने पंचसिद्धान्तिकेत गणित शक ४२७ पासून धरलं. क्षत्रपांचं राज्य तेव्हा संपून गेलेलं, आकडा मात्र गणितात राहिला. मग चालुक्यांनी उचलला. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा लेख आहे, इ.स. ५७८ चा: शक राजाच्या राज्याभिषेकापासून ५०० वर्षं लोटल्यावर. राज्याभिषेकापासून! शकांच्या पराभवापासून नव्हे. आपल्याच दख्खनच्या राजघराण्याने दगडात कोरून ठेवलंय, याहून स्पष्ट काय हवं?

परीक्षार्थी

मग परीक्षेत काय लिहायचं? चष्टन लिहिलं आणि उत्तरतालिकेत कनिष्क निघाला तर एका गुणाने यादीबाहेर. माझा मित्र असाच राहिलाय. तुम्हाला वादात मजा आहे, आमचं वर्ष जातं.

गोदाकाठ

परीक्षेत कनिष्कच लिहा. संताप येतो, पण तुमचं वर्ष जाऊ देऊ नका.

पैठणची लेक

नाशिकचं १८ वर्ष मला खटकतं, हे कबूल करते. बदामीचा लेखही. पण तुम्हीही एक कबूल करा. क्षत्रपांची गणना होती, तर तिच्यावर आपल्या राजाचं नाव कुणी घातलं? विजयनगरच्या काळापासून ताम्रपटांत शालिवाहन शक सर्रास आहे. शेकडो वर्षं लोकांनी शत्रूच्या आकड्याला आपल्या राजाचं नाव लावलं. जोगळटेंभीच्या नाण्यांवर जे झालं तेच इथे झालं. याला खोटं म्हणू नका.

गोदाकाठ

खोटं म्हणत नाही. नाव मागाहून आलं, एवढंच म्हणतो. आणि ठशाचं तुमचं म्हणणं बिनतोड आहे, नाइलाजाने मान्य करतो. पण ७८ च्या विजयाची कथा मात्र मागे घ्या. नाहीतर इ.स. १००० च्या आधीचा एक लेख दाखवा, ज्यात शकाशेजारी शालिवाहनाचं नाव आहे. एकच.

पैठणची लेक

शोधते. मिळेपर्यंत आमच्याकडच्या संकल्पात शालिवाहन शकेच म्हटलं जाईल.

आंबाघाट

आमच्याकडेही. फक्त महिना आमचा.