सीएपीडीच्या नळीतून पुन्हा पुन्हा पू : नळी बदलायलाच हवी का?

सूनबाई, अशोक चौक
मामंजींची सीएपीडी, म्हणजे पोटात पाणी भरून करायचं डायलिसिस (पीडी), घरीच चालते. उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आता दिवसाला डायलिसिसच्या पाण्याच्या चार पिशव्या. पोटावर नळी बाहेर येते तिथे लाली आणि हिरवट पू. औषध सुरू असेपर्यंत सुकतं, बंद झालं की परत येतं. यावेळी पुवाच्या तपासणीत (कल्चर) स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. ताप नाही, पोटातून बाहेर येणारं (ड्रेनचं) पाणी स्वच्छ आहे. डॉक्टर नळी बदलू म्हणतात. मामंजींना धास्ती, की नळी निघाली म्हणजे कायमचं सेंटरवर मशीनला जावं लागणार. त्यांना काय सांगू?

पीडी सिस्टर
ताई, पाणी स्वच्छ आहे तोवरच हे उरका. जंतू नळीवर आणि कातडीखालच्या कफवर (नळीभोवतीच्या कापडी पट्ट्यावर) चिकट थर करून राहतात, त्यात औषध नीट शिरत नाही. म्हणून तर परत परत येतं. स्यूडोमोनास त्यात फार चिवट. संसर्ग पोटात उतरला नसेल तर अँटिबायोटिक चालू ठेवून एकाच ऑपरेशनात जुनी काढून दुसऱ्या जागी नवी बसवता येते. पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या पडद्याला संसर्ग) होऊन नळी काढावी लागली, तर मात्र मधले काही आठवडे हिमोडायलिसिस, म्हणजे सेंटरवर मशीन. मामंजींना हा फरक समजावून सांगा. टनेलची, म्हणजे नळीच्या कातडीखालच्या वाटेची, सोनोग्राफी झाली का तेही विचारा.

पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर सकाळची वाट बघू नका. ती पिशवी फेकू नका, सोबत घेऊन जा. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला १०० च्या वर आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (संसर्गात वाढणाऱ्या पेशी) असतील तर पेरिटोनायटिस धरून लगेच पोटातून औषध सुरू करतात. अँटिबायोटिक लांबलं की बुरशीचा धोका वाढतो, त्यासाठीची गोळीही विचारून घ्या.

जुळे सोलापूरकर
मीही पीडीवर आहे. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, सगळं बॅरलवर. असल्या साठवलेल्या पाण्यात स्यूडोमोनास सहज वाढतो. बॅरलचं पाणी त्या जागेला अजिबात लागू देऊ नका. सिस्टरांनी दिलेल्या निर्जंतुक पाण्याने पुसा आणि पूर्ण कोरडं करा. म्युपिरोसिन मलम स्यूडोमोनासवर चालत नाही, जेंटामायसिनचं लागेल का विचारा. बॅग बदलताना पंखा बंद, उन्हाळ्यातसुद्धा.

सूनबाई, अशोक चौक
मामंजींना सगळं वाचून दाखवलं. एकाच ऑपरेशनात होणार असेल तर तयार आहेत. लुंगीची गाठ कुठे येते ते डॉक्टरांना आधी दाखवायचं म्हणतात, म्हणजे नवी नळी तिथे घासणार नाही. दादा, आंघोळीला उकळून गार केलेलं पाणी चालेल का?

पीडी सिस्टर
अंगाला चालेल. जखम भरेपर्यंत पोटावर तेही नको, नळीची जागा सोडून ओल्या फडक्याने पुसून घ्या.