मदत हवी आहे : छोटा मिश्र जातीचा हाउंड हाक मारल्यावर येत नाही आणि घरी एकटा असताना हेल काढून रडतो

प्रतापनगरकर

नमस्कार. गेल्या चार महिन्यांपासून आमच्याकडे भुऱ्या नावाचा एक छोटा मिश्र जातीचा हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रा, आहे. अमरावतीच्या आमच्या नातेवाइकांची पुण्याला बदली झाली, तेव्हा त्यांनी तो आम्हाला दिला. त्याची आई बीगल होती, बाप कोणत्या जातीचा होता हे त्यांनाही सांगता येत नाही. घरात तो अतिशय प्रेमळ आहे. मात्र स्कीमचे, म्हणजे आमच्या सोसायटीचे, फाटक उघडे राहिले किंवा हातातून पट्टा निसटला, की नाक जमिनीला लावून तो असा निघतो की मी कितीही हाका मारल्या तरी मागे वळून पाहत नाही. मागच्या रविवारी तो थेट रिंग रोडपर्यंत गेला आणि एका ट्रकच्या पुढून पलीकडे पळाला. तो वाचला हे नशीब, पण त्या दिवसापासून मला रात्री झोप लागत नाही.

दुसरी अडचण अशी, की आम्ही कामावर गेल्यानंतर तो लांब सूर लावून रडतो. शेजारच्या आजी म्हणतात की कुत्र्याचे रडणे अशुभ असते, आणि आता सोसायटीने आठ दिवसांत बंदोबस्त करा अशी लेखी सूचना दिली आहे. एका दुकानदाराने भुंकल्यावर सौम्य विजेचा झटका देणारा पट्टा सुचवला आहे. तो घ्यावा का, एवढेच कृपया कोणी लवकर सांगावे. शिवाय दर दोन दिवसांनी आंघोळ घालूनही त्याचा वास जात नाही, तेव्हा एखादा चांगला शाम्पू ठाऊक असल्यास तोही सुचवावा.

धंतोलीचा_वाचक

आपण त्याचे वय, वजन, तो नर आहे की मादी, नसबंदी झाली आहे का, दिवसाचे किती तास एकटा असतो आणि खायला काय मिळते, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. एवढे कळल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अंदाजाने मारलेला दगड ठरेल.

कारवान_प्रेमी

हाउंड पाळायचाच होता तर आपल्या मातीतला कारवानी किंवा पश्मी पाळायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. लातूरकडे पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे जोपासले गेले आहेत. मुधोळ हाउंडचे तर टपाल खात्याने २००५ साली तिकीटही काढले. त्यांना आपला उन्हाळा सोसतो, त्यांच्या अंगावर चरबी चढत नाही आणि ते उगाच रडत बसत नाहीत. विलायती रक्ताचा कुत्रा नागपूरच्या मे महिन्यात ठेवणे म्हणजे त्याचे हाल करणे होय.

मानेवाड्याहून

कारवानी कुत्र्यांबद्दल मला आदर आहे, परंतु कुत्रा घरात आलेला आहे आणि त्याला परत पाठवण्याचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. शिवाय येथे दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होत आहे. कारवानी आणि मुधोळ हे नजरेने शिकार करणारे हाउंड आहेत. सावज दिसले की धावायचे आणि गाठायचे, हा त्यांचा धर्म. बीगल हा नाकाने माग काढणारा हाउंड आहे. इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी तो कळपाने वापरला जात असे. माग लागला की नाक वर न उचलता पुढे जात राहायचे आणि लांब सूर काढून मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना आपण कुठे आहोत ते कळवत राहायचे, यासाठीच माणसाने त्याला निवडून निवडून तयार केले. ज्या दोन गोष्टींची आपण तक्रार करीत आहात, त्याच दोन गोष्टींसाठी त्याचे पूर्वज जपले गेले. माझ्याकडे नऊ वर्षांची बीगल आहे, आणि पट्ट्याशिवाय मी तिला उघड्या मैदानात आजही सोडत नाही.

म्हणून आज रात्रीपासून एवढे करा, की गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा वापरा, कारण बीगलची मान जाड असते आणि डोके त्या मानाने अरुंद, त्यामुळे गळपट्टा मागे ओढला की सहज निघून येतो. विजेच्या झटक्याचा पट्टा मात्र कृपया घेऊ नका. एकटेपणाच्या भीतीने रडणाऱ्या जिवाला वर वेदना दिली, तर तो गप्प बसला तरी त्याची भीती वाढलेलीच असेल.

प्रतापनगरकर

वय आणि वजन यांचा हाकेशी काय संबंध आहे हे मला समजलेले नाही, तरीही लिहितो. तो अडीच वर्षांचा नर आहे आणि नसबंदी झालेली नाही. वजन केलेले नाही, पण उंचीच्या मानाने तो लांब आणि भरदार दिसतो. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहापर्यंत एकटा असतो. सकाळी दूध-पोळी आणि रात्री आमच्यासाठी केलेल्या चिकनच्या रश्शातला भात एवढेच त्याचे खाणे आहे. बाबा दोन्ही वेळच्या चहाबरोबर त्याला चार-पाच ग्लुकोज बिस्किटे देतात, पण ते काही खाणे नव्हे.

आता कोणी कृपया मुद्द्यावर येईल का? तो बहिरा तर नसेल? बिस्किटांचा पुडा मात्र त्याला दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येतो. अलीकडे तो सारखे डोके झटकतो आणि कानांची फटफट होते. बहुधा हाक नको असल्याची ती खूण असावी.

धंतोलीचा_वाचक

ज्याला पुड्याची कुरकुर ऐकू येते तो बहिरा नव्हे. रश्श्यात कांदा-लसूण असणारच, आणि कांदा, लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हे बाबांनाही सांगावे. तो भात आजपासून बंद करा. दिवसाला आठ-दहा बिस्किटे हे या आकाराच्या कुत्र्यासाठी नक्कीच खाणे आहे. बीगलचे वजन साधारण नऊ ते अकरा किलो असते आणि भूक भागली हे या जातीला कळतच नाही, म्हणून आपल्यालाच मोजून द्यावे लागते. बरगड्यांवरून तळहात फिरवा; पातळ चादरीखालून बोटांना जाणवाव्यात तशा त्या जाणवल्या पाहिजेत. आपण तो लांब आहे म्हणता, तेव्हा बाप डॅशहाउंडसारखा आखूड पायांचा असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर पाठीच्या मणक्यांच्या चकत्या हा त्याचा नाजूक भाग ठरतो, आणि वाढलेले वजन, जिने व पलंगावरून मारलेल्या उड्या यांपासून त्याला जपावे लागेल.

मानेवाड्याहून

मला डोके झटकण्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण ती शेवटी जाता जाता लिहिली आणि पहिल्या मजकुरात तर लिहिलीच नव्हती. डोके झटकणे ही नकाराची खूण नसते. आपण म्हणता तो वास अंगाचा आहे की कानांचा, हे आधी पाहावे. त्याला खिडकीजवळ उजेडात बसवा, कानाची पाळी अलगद उलटून मागे धरा आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. निरोगी कानाची आतली कातडी फिकट गुलाबी आणि कोरडी असते व तिला जवळजवळ वास नसतो. आत लाली, तपकिरी चिकट मळ आणि आंबूस वास आढळला, तर तुमची शाम्पूची शोधाशोध चुकीच्या जागी चालली आहे.

बीगलचे कान लोंबते असतात, त्यामुळे आत हवा खेळत नाही. आंघोळीचे पाणी आत राहिले की त्या उबदार, ओलसर जागेत बुरशी आणि जंतू वाढतात. वास येतो म्हणून आंघोळ, आंघोळीने कान ओले, ओल्या कानामुळे पुन्हा वास, असे हे चक्र असू शकते. उन्हाळ्यात तो कूलरच्या ओल्या वाऱ्यात पडून राहत असेल, तर त्यानेही कान कोरडे व्हायला मदत होत नाही. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते, आणि तीही दोन्ही कानांत कापसाचे बोळे ठेवून घालावी.

संत्रानगरी

यासाठी डॉक्टरकडे धाव घेण्याची गरज नाही. मोहरीच्या तेलात लसणाची पाकळी तळून ते कोमट तेल दोन थेंब कानात सोडावे. आमच्या गावी, काटोलकडे, बैलांपासून कुत्र्यांपर्यंत सर्वांना हाच उपाय करीत आणि तो लागू पडत असे.

मानेवाड्याहून

आपल्या गावच्या अनुभवाचा मान राखूनही मला येथे विरोध नोंदवावा लागेल. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय आत काहीही सोडू नये. पडदा फाटलेला असल्यास तेल मधल्या कानात जाते आणि त्रास वाढतो. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे तेल त्या वळणाशी साचते आणि मळ आणखी घट्ट होतो. कापूस गुंडाळलेल्या काड्यांनीही हाच घोटाळा होतो. मी स्वतः पहिल्या वर्षी खोबरेल तेल वापरले होते, आणि नंतर भूल देऊन माझ्या कुत्रीचे कान धुवावे लागले. ती चूक दुसऱ्या कोणी करू नये, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहीत आहे.

संत्रानगरी

आम्ही कधी बैलाच्या कानाचा पडदा तपासला नाही आणि कोणाचे वाईटही झाले नाही. तरीही आपले अनुभव आपल्यापाशी, मी वाद वाढवीत नाही.

फुटाळ्याकाठी

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. सध्या पारा ४५ अंशांच्या आसपास आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. म्हणून फिरवणे सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर करावे. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे तळवेही तेथे भाजणार. गोचिडांसाठी महिन्याचे औषध चुकवू नये, कारण गोचीड तापाचे रुग्ण या हवेत भरपूर असतात आणि कानांच्या घड्या ही गोचिडांची आवडती जागा आहे. महानगरपालिकेची नोंदणी आणि रेबीजची लस हेही पाहून घ्यावे.

सोसायटीबाबत सांगायचे, तर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणतीही सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही. अर्थात कायदा पुढे करण्याआधी शेजारच्या आजींशी बसून बोलावे, त्यातून अधिक साधेल असे मला वाटते.

प्रतापनगरकर

काल रात्री मी त्याला दिव्याखाली बसवून डावा कान उलटला. आतली कातडी लालभडक होती, आणि घड्यांमध्ये भिजलेल्या कॉफीच्या चोथ्यासारखा मळ होता. वास तोच, जो मी चार महिने शाम्पूने काढायचा प्रयत्न करीत होतो. मी पाळीला हात लावताच त्याने अंग चोरले आणि एक बारीक आवाज काढला. पण तो मला चावला नाही, हात चाटत राहिला. ते पाहून मला फार वाईट वाटले.

आज सुटी घेऊन त्याला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. दोन्ही कानांत बुरशीचा संसर्ग आहे, पडदे मात्र शाबूत आहेत. कान स्वच्छ करून दिले, थेंब दिले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले आहे. वजन १४ किलो ३०० ग्रॅम भरले. डॉक्टरांनी असेही सांगितले, की कान ठणकत असताना जनावर अधिक अस्वस्थ होते आणि एकटे असताना रडणे वाढू शकते. आल्यावर बाबांना सर्व सांगितले. त्यांनी बिस्किटांचा डबा स्वतः उचलून वरच्या फळीवर ठेवला. झटक्याचा पट्टा मी घेत नाही.

मी सुरुवातीला अधीरपणे लिहिले, त्याबद्दल क्षमस्व. मात्र सोसायटीच्या मुदतीचे पाच दिवस उरले आहेत आणि साडेनऊ ते सहाचा प्रश्न तसाच आहे.

धंतोलीचा_वाचक

पाच दिवसांत तो पूर्ण सुटणार नाही, पण आपण उपाय सुरू केले आहेत हे डॉक्टरांच्या कागदासह सोसायटीला लेखी कळवता येईल. साडेआठ तास हा सलग एकटा राहण्यासाठी फार मोठा काळ आहे. दुपारी कोणी अर्धा तास येऊ शकेल अशी व्यवस्था आधी करावी. बाबांचे कामाचे ठिकाण जवळ असल्यास ते जेवायला घरी येऊ शकतील का, याचा विचार करावा. निघण्यापूर्वी त्याला वीस-पंचवीस मिनिटे हुंगत हुंगत फिरू द्यावे, कारण या जातीला पायांपेक्षा नाकाचा व्यायाम अधिक थकवतो. सकाळच्या मोजलेल्या खाण्यातील निम्मे एका जुन्या पंच्यात घड्याघड्यांत गुंडाळून गाठ मारून द्या, म्हणजे ते शोधून काढण्यात त्याचा बराच वेळ जाईल. शनिवार-रविवारी किल्ल्या उचलून बाहेर जायचे आणि दोन मिनिटांत, तो रडू लागण्याआधी, परत यायचे. मग पाच, मग दहा मिनिटे, असे हळूहळू वाढवत न्यावे. हाक मारून जवळ बोलावण्याचा सरावही लांब दोरी बांधूनच करावा, आणि हाकेला आला की त्याला रागावू नये.

प्रतापनगरकर

बाबांचे दुकान त्रिमूर्तीनगरला आहे. उद्यापासून ते दीड वाजता घरी येऊन जेवतील, असे आत्ताच ठरले. आजींकडेही जाऊन आलो. त्याचे कान दुखत होते हे ऐकल्यावर त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि मग दुपारी तो रडलाच, तर मी दाराबाहेरून त्याच्याशी बोलत जाईन असे म्हणाल्या. शेवटचे एकच विचारतो : थेंब घालताना तो पलंगाखाली पळतो, तेव्हा काय करावे?

मानेवाड्याहून

पलंगाखालून ओढून काढू नका. औषधाची बाटली आधी पाच मिनिटे मुठीत धरून ठेवा, म्हणजे गार थेंबाचा धक्का बसणार नाही. जमिनीवर बसा, त्याची पाठ आपल्या पोटाशी येईल असा त्याला दोन गुडघ्यांमध्ये घ्या, थेंब घातल्यावर कानाचे मूळ बाहेरून हलक्या हाताने चोळा आणि लगेच उकडलेल्या गाजराचा एक तुकडा द्या. तीन-चार दिवसांत ठणका कमी झाला, की तो एवढा पळणार नाही. तोपर्यंत बाबांना समोर बसवून गाजर त्यांच्या हातूनच द्या.