चरणजित सिंग यांचं काय झालं होतं बघा

सहमत. ‘एकट्याने घरी बसून यंत्रांवर अल्बम केला की लोक संगीतावर बोलायच्या आधी माणसावरच शंका घेतात’, असं एकाने लिहिलंय ते पटलं. मला लगेच मुंबईचे चरणजित सिंग आठवले.

हिंदी सिनेमातला वादक माणूस. १९८२ मध्ये ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ काढला. भैरव, तोडी, यमन वगैरे राग, सगळं रोलँड या जपानी कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर. त्यातलं टीबी-३०३ मुळात गिटारवाल्यांना रियाजासाठी बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि मींड म्हणजे तरी दुसरं काय! अल्बम तेव्हा काही चालला नाही.

गंमत पुढे आहे. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा इंटरनेटवरच्या जाणकारांनी ठरवलं की ही बनवाबनवी आहे. कारण टीबी-३०३ चा असा आवाज शिकागोत नाचाच्या ‘ॲसिड हाउस’ संगीतात १९८७ च्या आसपास गाजला, मग मुंबईत पाच वर्षं आधी कसा? युरोपातल्या कुणीतरी टोपणनावाने केलं असणार म्हणे! म्हातारा जिवंत होता, मुंबईतच होता. विचारायचं तरी.

त्यात टीकेला जागा नाही असं नाही हं. ठोका एकसुरी आहे, रागाची बढत, म्हणजे हळूहळू होणारा विस्तार, फारशी नाही. मला स्वतःला दोन-तीन रागांनंतर कंटाळा येतो. पण ती टीका ऐकून केलेली असते. चरणजित २०१५ मध्ये गेले. त्याआधी युरोपात तरुणांसमोर हेच राग वाजवून आले होते.